अक्षरें आणि अंक यांची फारकत

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक लहानशी चिठ्ठी डकविलेली असते, व तिजवर 'काव्य०२३', 'गण९', 'प्रवास११२' अशी एखादी खूण शाईनें लिहिलेली असते. पहिला भाग पुस्तकाचा विषय सांगतो, दुसरा त्या विषयांतील त्याचा क्रमांक. ही रीति ज्यानें घातली त्यास अक्षरें व अंक यांच्यामध्यें जागा सोडण्याची गरज वाटली नाहीं, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असेंही नाहीं. कारण त्या खुणा वाचणारीं माणसेंच होतीं. 'गण९' वर नजर पडतांच गणित कोठें संपलें आणि नऊ कोठें लागले हें आपणांस कोणी सांगावें लागत नाहीं. तांदूळ निवडणाऱ्या बाईस खडा जितक्या सहज दिसतो तितक्याच सहज तें आपणांस दिसतें.

दोन वर्षांपूर्वीं या सर्व खुणा संगणकांत घालण्याचें काम मजकडे आलें. मदतीस इयत्ता नववींतील चार विद्यार्थी होते. पहिल्याच दिवशीं असें आढळलें कीं, यादी क्रमवार लावण्यास सांगितली असतां यंत्र 'गण१०' हें पुस्तक 'गण९' च्या आधीं मांडतें. मुलांना हंसूं आलें. परंतु यंत्राची बाजू ऐकून घेतली तर तें वेडें ठरत नाहीं. त्याच्या लेखीं 'गण९' ही तीन चिन्हांची ओळ आहे व 'गण१०' ही चार चिन्हांची. दोन ओळींची तुलना तें शब्दकोशाच्या रीतीनें करतें. पहिलें चिन्ह पहिल्याशीं, दुसरें दुसऱ्याशीं. 'ग' आणि 'ण' दोहोंकडे सारखेच निघाले. तिसऱ्या ठिकाणीं एकीकडे ९ व दुसरीकडे १. एक हा नवाच्या आधींचा, म्हणून निकाल तेथेंच लागला. पुढचें शून्य पाहण्याची गरज उरली नाहीं. दहा नांवाची संख्या त्या यंत्राच्या दृष्टीस पडलीच नव्हती.

यावर उपाय उघड आहे. खुणेचे दोन तुकडे करावे. अक्षरांचा तुकडा शब्द म्हणून व अंकांचा तुकडा संख्या म्हणून यंत्राच्या हवालीं करावा. असे तुकडे पाडण्याचें जें साधन संगणकशास्त्रांत रूढ आहे त्यास 'रेग्युलर एक्स्प्रेशन' असें म्हणतात. नांव लांबलचक आहे. या लेखांत आपण त्यास नुसतें 'सूत्र' म्हणूं. चिन्हांच्या ज्या ओळीवर तें सूत्र चालवावयाचें तिला इंग्रजींत 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला 'सर' म्हणूं, मण्यांचा असतो तसा.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही कीं, संगणकास अक्षर ठाऊक नसतें, अक्षराचा क्रमांक ठाऊक असतो. जगांतील लिप्यांच्या चिन्हांस क्रमांक देणारी युनिकोड नांवाची जी योजना १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीसाठीं २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखलेल्या आहेत. त्यांपैकीं 'अ' ची जागा २३०९ व 'ह' ची २३६१. शून्य २४०६ वर बसतें आणि तेथून ओळीनें चालत नऊ २४१५ वर पोहोंचतो. इंग्रजी आंकडे मात्र निराळ्या वस्तींत, म्हणजे ४८ ते ५७ या घरांत, राहतात. एवढें समजलें म्हणजे सूत्राचें पहिलें अंग कळण्यास अडचण पडत नाहीं.

तें अंग म्हणजे चौकोनी कंस. कंसांत जीं चिन्हें लिहावीं त्यांपैकीं कोणतेंही एक, असा त्याचा अर्थ. [कखग] म्हणजे क, ख किंवा ग यांतील कोणतेंही एक. चिन्हें पुष्कळ असलीं तर सर्व लिहीत बसण्याचें कारण नाहीं. पहिलें व शेवटचें लिहून मध्यें आडवी रेघ द्यावी. [०-९] म्हणजे शून्यापासून नऊपर्यंत कोणताही एक अंक, आणि [अ-ह] म्हणजे २३०९ पासून २३६१ पर्यंतच्या घरांतील कोणतेंही एक चिन्ह. ज्या विद्यार्थ्यांनीं संस्कृत घेतलें आहे त्यांस ही युक्ति अपरिचित वाटूं नये. पाणिनीनें वर्णांची एक ठराविक रांग चौदा सूत्रांत लावून घेतली, आणि मग 'अच्' एवढें म्हणून सर्व स्वर व 'हल्' एवढें म्हणून सर्व व्यंजनें तो एका श्वासांत सांगतो. रांग आधीं नीट लावलेली असली म्हणजेच दोन टोकें सांगून मधलें सर्व सांगितल्यासारखें होतें. हा 'म्हणजेच' पुढें आम्हांस फार महाग पडला. पण तें यथाक्रम सांगेन.

दुसरें अंग म्हणजे संख्यादर्शक चिन्ह. कंसानंतर अधिकाचें चिन्ह घातलें कीं, 'असें एक किंवा अधिक' असा अर्थ होतो. तारका घातली कीं, 'एकही नसलें तरी चालेल, कितीही असलीं तरी चालतील' असा होतो. म्हणून [०-९]+ हें सूत्र ९ यासही लागू पडतें आणि ११२ यासही. तिसरें अंग गोल कंस. सूत्राच्या ज्या भागाभोंवतीं गोल कंस घालावा, त्या भागाशीं जुळलेला तुकडा यंत्र बाजूस काढून आपल्या हातीं देतें. हीं तीन अंगें जोडून आम्हीं फळ्यावर आमचें पहिलें सूत्र लिहिलें तें असें:

([अ-ह]+)([०-९]+)

वाचावयाचें तें असें: एक किंवा अधिक अक्षरें, त्यांच्या लगोलग एक किंवा अधिक अंक, अक्षरांचा तुकडा निराळा द्या, अंकांचा निराळा द्या. 'गण९' घातलें, 'गण' आणि '९' मिळालें. 'चर०१८' घातलें, 'चर' आणि '०१८' मिळालें. मुलांना आनंद झाला, मलाही झाला, आणि त्याच संध्याकाळीं ग्रंथालयांतील सर्व खुणांवरून तें सूत्र आम्हीं फिरविलें.

या तारकेची व अधिकाच्या चिन्हाची हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे. तिचा उगम कोणत्याही कचेरींत झाला नाहीं. तो मनुष्याच्या मेंदूविषयींच्या एका प्रश्नांत आहे. १९४३ सालीं वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स या दोघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. मेंदूंतील पेशी एकमेकींस इशारे देतात त्या जाळ्याचें तर्कशास्त्राच्या भाषेंत वर्णन करतां येईल कीं काय, हा त्याचा विषय. पुढें १९५१ च्या उन्हाळ्यांत स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञानें, अशीं जाळीं कोणत्या प्रकारचे इशाऱ्यांचे क्रम ओळखूं शकतात, याचा शोध घेतला आणि त्यांस 'रेग्युलर' हें विशेषण लाविलें. त्याचें तें लेखन १९५६ सालीं छापून प्रसिद्ध झालें. तारकेस अद्यापि 'क्लीनीचा तारा' म्हणतात तें याच गृहस्थावरून. या शुद्ध गणितास व्यवहारांत आणलें तें केन टॉम्प्सन यानें. सूत्र दिलें असतां मजकुरांतून तें शोधून काढण्याची कृति त्यानें १९६८ सालीं प्रसिद्ध केली, व बेल प्रयोगशाळेंतील संगणकांवर तिचा प्रसार झाला. आज दूरध्वनीच्या यंत्रापासून बँकेपर्यंत जेथें जेथें कांहीं लिहिलेलें तपासलें जातें, तेथें बहुधा हीं सूत्रें काम करीत असतात.

आतां आमच्या सूत्राकडे वळूं. सुमारें तीन आठवड्यांनंतर इयत्ता सहावींतील एका मुलास यंत्रानें दोषी ठरविलें. त्यानें 'काव्य०२३' हें पुस्तक घरीं नेलें होतें व तें परत केलेलें नाहीं असें यंत्र म्हणत होतें. मुलगा म्हणे, मीं तें परत केलें आहे. मी त्यास सांगितलें कीं, यंत्र खोटें बोलत नसतें. हें वाक्य मीं उच्चारलें तें आज लिहितांनाही मला बरें वाटत नाहीं. चार दिवसांनीं त्याची आई पुस्तकाची किंमत पदरीं बांधून शाळेंत आली. ती पैसे मोजीत असतां, नववींतील एका विद्यार्थ्यानें कपाटांतून 'काव्य०२३' आणून मजसमोर ठेवलें. तें आपल्या जागींच उभें होतें.

मग आम्हीं यंत्रानें पाडलेले तुकडे प्रथमच डोळ्यांनीं पाहिले. 'काव्य०२३' याचे तुकडे 'य' आणि '०२३' असे झाले होते. 'गद्य०२३' याचेही 'य' आणि '०२३' असेच. 'प्रवास' व 'इतिहास' या दोहोंचा नुसता 'स' उरला होता, 'नाटक' याचा 'टक'. गद्य०२३ हें पुस्तक दुसऱ्या एका मुलीकडे होतें व तिची मुदतही संपलेली नव्हती. परंतु यंत्राच्या वहींत दोन्ही पुस्तकें 'य०२३' या एकाच नांवानें नांदत असल्यामुळें, तिचें येणें त्या मुलाच्या खात्यावर चढलें होतें. मुलाचे पैसे परत दिले व त्याच्या आईची मीं क्षमा मागितली. यंत्राकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. त्यानें सूत्र अक्षरशः पाळलें होतें.

असें कां व्हावें? 'काव्य' हा शब्द आपल्या डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो. संगणकांत तो पांच चिन्हांचा असतो: क, काना, व, पाय मोडण्याची खूण व य. आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त हीं 'अ' पासून 'ह' पर्यंतच्या रांगेंत नाहींतच! तीं 'ह' च्या पलीकडे बसविलेलीं आहेत. काना २३६६ वर आहे. अनुस्वार व विसर्ग हे तर 'अ' च्याही अलीकडे. तेव्हां आमचें सूत्र 'काव्य०२३' या सरावरून चालूं लागलें. 'क' जुळला, पण पुढें काना आला, तो रांगेंत नाहीं, अंकही नाहीं. म्हणून क टाकला. 'व' जुळला, पुढें हलन्त; तोही टाकला. शेवटीं 'य' जुळला, आणि त्याच्या लगोलग अंक सांपडले. सूत्र संतुष्ट झालें. सराच्या कोणत्याही पोटभागाशीं जुळलें तरी चालेल असेंच आम्हीं त्यास सांगितलेलें होतें. अथपासून इतिपर्यंत जुळलें पाहिजे असें सांगितलेलें नव्हतें. 'गण' व 'चर' यांत काना-मात्रा नाहीं म्हणून ते बचावले, आणि आम्हीं परीक्षा घेतली होती ती नेमकी त्या दोघांचीच.

इंग्रजी मुळाक्षरांवरून हीं सूत्रें शिकलेल्या मनुष्यास हा खड्डा सहसा दिसत नाहीं, कारण इंग्रजींत स्वर व्यंजनाच्या अंगावर चढून बसत नाहीं. अर्थात् त्या लिपीचेही आपले खड्डे आहेत. मोठ्या 'ए' पासून लहान 'झेड' पर्यंत अशी एकच रांग लिहिली, तर मोठीं अक्षरें ९० या घरांत संपतात, लहान ९७ पासून लागतात, आणि मधल्या सहा घरांतील परकीं चिन्हें अक्षरें म्हणून आंत शिरतात. कोणी म्हणेल कीं, मराठीसाठीं मग रांग थोडी लांबवावी. २३०४ पासून २४३१ पर्यंत सर्वच घ्यावीं. पण मग अंकही त्याच रांगेंत आले! काना-मात्रांपर्यंतच लांबवावी, तर मराठींतील 'ॲ' हें अक्षर बाहेर राहतें. तें मागाहून आलेलें असल्यामुळें अंकांच्याही पलीकडे, २४१८ वर, त्यास जागा मिळाली आहे. 'ॲटलास' असा विषय आमच्या ग्रंथालयांत सुदैवानें नाहीं. पाणिनीनें आपली रांग आपल्या कामासाठीं लाविली होती. ही रांग दुसऱ्यांनीं दुसऱ्या कामासाठीं लाविलेली आहे, हें विसरून तिचीं दोन टोकें आम्हीं बिनदिक्कत धरलीं, एवढाच याचा अर्थ.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न एका विद्यार्थ्यानें सुचविला. सूत्रांत नुसतें टिंब लिहिलें तर 'कोणतेंही एक चिन्ह' असा अर्थ होतो. तेव्हां अक्षरांच्या भानगडींत न पडतां 'कांहींही, आणि मग अंक' असें कां म्हणूं नये?

(.+)([०-९]+)

विचार वाजवी होता; फळ मात्र चमत्कारिक आलें. 'काव्य०२३' याचे तुकडे 'काव्य०२' आणि '३' असे पडले. कारण, अधिकाचें चिन्ह स्वभावतः हावरें आहे. त्यास जेवढें मिळेल तेवढें तें घेतें. टिंबानें पहिल्या झपाट्यांत सबंध सर गिळला; मग पुढील भागास कांहींच उरलें नाहीं असें पाहून नाइलाजानें शेवटचें एक चिन्ह परत दिलें. तें ३ होतें, अंक होता. दुसऱ्या भागाची मागणी 'एक किंवा अधिक' इतकीच होती, तेव्हां एकावरच सौदा पटला. हावरेपणा घालविण्यासाठीं अधिकाच्या चिन्हापुढें प्रश्नचिन्ह लिहितात; मग तें लागेल तितकेंच घेतें. परंतु मला दुसरा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो व तोच आम्हीं स्वीकारला:

^([^०-९]+)([०-९]+)$

चौकोनी कंसाच्या आरंभीं टोपी घातली म्हणजे कंसाचा अर्थ उलटतो; [^०-९] म्हणजे अंक नव्हे असें कोणतेंही चिन्ह. अक्षर कशास म्हणावें हा वाद येथें उपस्थितच होत नाहीं. अंक दहाच आहेत व ते एका ओळींत आहेत, तेव्हां जें अंक नाहीं तें सर्व पहिल्या तुकड्यांत जावें. कंसाबाहेरील टोपीचा अर्थ मात्र अगदीं निराळा आहे: सराचा आरंभ. अखेरच्या डॉलरच्या चिन्हाचा अर्थ सराचा शेवट. एकाच टोपीचे दोन अर्थ करणें ही या विद्येंतील एक खोड आहे आणि प्रत्येक नवशिका तिजवर एकदां तरी ठेंचाळतो. आतां सूत्रास सबंध सर व्यापावाच लागतो. व्यापतां आला नाहीं तर तें 'जुळत नाहीं' असें स्पष्ट सांगतें, व त्या खुणा आम्हीं वेगळ्या यादींत काढूं लागलों. ज्या खुणा जुळल्या नाहींत त्यांची यादी ठेवणें, हें सूत्र लिहिण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे असें माझें मत त्या दिवसापासून बनलें आहे.

त्या यादींत पहिल्या फेरीस अकरा खुणा निघाल्या. वरवर पाहतां त्यांत दोष दिसेना. नीट पाहिल्यावर कळलें कीं, त्या घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर इंग्रजी आंकडे उमटत होते. आपल्या दृष्टीनें तेवीस ते तेवीसच. सूत्राच्या दृष्टीनें ते ४८ ते ५७ या परक्या वस्तींतील रहिवासी. 'कोणताही अंक' यासाठीं सूत्रांत एक संक्षेपही आहे: उलटी तिरपी रेघ व तिच्यापुढें लहान इंग्रजी 'डी'. पण तो सर्वत्र एकाच अर्थाचा नाहीं. पायथन या संगणकभाषेंत, साधा मजकूर दिला असतां, त्यांत देवनागरी अंकही येतात. जावास्क्रिप्ट या भाषेंत केवळ दहा इंग्रजी आंकडेच येतात. तेंच सूत्र एका घरांत 'काव्य०२३' ओळखील आणि दुसऱ्या घरांत त्यास नाकारील. मराठी मजकुरावर काम करणारानें आपणांस कोणते अंक अपेक्षित आहेत तें कंसांत स्वच्छ लिहावें, हें उत्तम.

तुकडे पाडल्यानंतर दुसऱ्या तुकड्याची संख्या करावयाची, तेव्हां आणखी एक गोष्ट घडते. '०२३' याची संख्या केली म्हणजे २३ होतात. पुढचें शून्य जातें. क्रम लावण्यास तें इष्टच आहे. परंतु चिठ्ठी पुन्हा छापतांना शून्य कोठून आणणार? म्हणून आम्हीं मूळ खूण जशीच्या तशी एका रकान्यांत ठेवून दिली आहे, आणि फोड दुसऱ्या दोन रकान्यांत.

ग्रंथालयाबाहेर या विद्येस मोठें क्षेत्र आहे. रस्त्यानें जाणाऱ्या मोटारींच्या पाट्या पाहा. त्यांवरील अक्षरें इंग्रजी व आंकडेही इंग्रजी असावे असा नियम आहे. आपण येथें त्या देवनागरींत लिहूं. 'एमएच१२एबी१२३४' यांत पहिलीं अक्षरें राज्य दाखवितात, १२ हा पुण्याचा आंकडा (कोल्हापूरचा ०९, नागपूरचा ३१), मग मालिकेचीं अक्षरें, मग गाडीचा क्रमांक. येथें दोन तुकडे करून भागत नाहीं. सूत्र असें लिहावें: [^०-९]+|[०-९]+ आणि यंत्रास सांगावें कीं, हें जेथें जेथें जुळेल तेवढे सर्व तुकडे क्रमानें दे. मधली उभी रेघ म्हणजे 'किंवा'. आंकडे नसलेला धांवता तुकडा किंवा आंकड्यांचा धांवता तुकडा, असें म्हणत म्हणत तें सर संपवितें व चार तुकडे हातीं देतें. अक्षरें प्रथम कीं अंक प्रथम हें यांत गृहीत धरलेलें नाहीं, हा त्याचा मोठा गुण. १९८९ पासून चालत आलेल्या पद्धतींत पाटीचा आरंभ अक्षरांनींच होई, आणि कित्येकांनीं आपलीं सूत्रें त्या भरंवशावर लिहिलीं होतीं. पण २०२१ सालीं 'बीएच' मालिका निघाली, आणि तिच्यांत नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक प्रथम, अक्षरें नंतर!

टपालाचा पिनकोड मात्र या त्रासांतून मुक्त आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं तो सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि होते. शब्दांचे धनी असूनही त्यांनीं त्या सहा घरांत एकही अक्षर येऊं दिलें नाहीं. अनेक लिप्यांच्या देशांत सहा अंक कोणासही वाचतां येतात. बँकेच्या शाखेच्या अकरा चिन्हांच्या खुणेंत, ज्यास आयएफएससी म्हणतात, याच्या उलट प्रकार आहे: पहिलीं चार अक्षरें, पांचवें नेहमीं शून्य, आणि नंतर सहा चिन्हें. तें पांचवें शून्य 'ओ' म्हणून वाचून फसणारे लोक पुष्कळ. सूत्रास मात्र दोहोंचें रूप दिसत नाहीं, क्रमांक दिसतो, म्हणून तें फसत नाहीं. आमच्या नजरेवर सूत्राची सरशी होते ती अशा जागीं.

पण सूत्र रूप पाहतें, अर्थ पाहत नाहीं, हेंही विसरतां येत नाहीं. जीवशास्त्रांत जनुकांस अक्षरें व अंक मिळून झालेलीं नांवें देतात. त्यांत 'मार्च१' व 'सेप्ट१' अशीं नांवें होतीं. हिशेबाच्या तक्त्यांत तीं लिहितांच, या तारखा आहेत असें समजून एक्सेल हा कार्यक्रम त्यांचें १ मार्च व १ सप्टेंबर असें रूपांतर करी. २०१६ सालीं केलेल्या एका तपासणींत, असे तक्ते जोडलेल्या निबंधांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा या दोषानें बिघडलेला आढळला. अखेरीस यंत्रास समजाविण्याऐवजीं जनुकांचीं नांवेंच २०२० सालीं बदलण्यांत आलीं. 'मार्च१' चें 'मार्चएफ१' झालें. 'अक्षरें आणि मग अंक' हें रूप तारखेचें आहे कीं नांवाचें, हें त्या चिन्हांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

सूत्र लिहितांना आणखी एका प्रकारापासून सांभाळावें. उत्साहाच्या भरांत कित्येक जण अधिकाच्या चिन्हावर पुन्हा तारका चढवितात: ^([०-९]+)*$ असें. 'अंकांचे गट, असे कितीही गट' हा त्याचा अर्थ दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु सराच्या शेवटीं एखादें अक्षर असल्यामुळें सूत्र जुळेनासें झालें, कीं यंत्र प्रत्येक निराळी वांटणी करून पाहूं लागतें. तीस अंकांच्या ओळीचे गट पाडण्याचे ५३ कोटींहून अधिक प्रकार होतात! २ जुलै २०१९ रोजीं क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रांवर याच जातीच्या एका सूत्रानें सुमारें सत्तावीस मिनिटें असा भार टाकला कीं, जगांतील असंख्य संकेतस्थळें तेवढा वेळ बंद पडलीं. टॉम्प्सनच्या १९६८ च्या कृतींत सर्व वाटा एकदमच चालत जावयाच्या असल्यामुळें हा धोका नाहीं. पुढील काळांत सूत्रांत नाना सोयी भरण्याच्या लोभानें बहुतेकांनीं ती कृति सोडली, व मागें फिरून दुसरी वाट धरण्याची रीति पत्करली.

आमची यादी आतां नीट लागते. 'गण९' नंतर 'गण१०' येतें, आणि काव्य व गद्य आपापल्या घरीं गेलीं आहेत. वेगळ्या यादींत सध्यां एकच खूण पडून आहे: 'काव्य०२३अ'. त्या सहावींतल्या मुलानें नेलेल्या पुस्तकाची ती दुसरी प्रत. कोणी जुन्या ग्रंथपालानें प्रत ओळखावी म्हणून शेवटीं 'अ' जोडलेला आहे. आमचें सूत्र तीस नाकारतें, कारण अंकांनंतर सराचा शेवटच आला पाहिजे असें तें बजावतें. शेवटीं अक्षर असेल तर निराळें द्यावें, नसेल तर रिकामा तुकडा द्यावा, पण 'काव्य०२३' व 'गण९' यांस पूर्वींप्रमाणेंच ओळखावें, असें सूत्र लिहावयाचें आहे. त्यास लागणारीं सर्व अंगें वर आलेलीं आहेत. ज्यास तें साधेल त्यानें ग्रंथालयाच्या फळ्यावर लिहून ठेवावें. मात्र 'काव्य', 'गद्य' आणि 'प्रवास' यांवर आधीं चालवून पाहून.